बावीस मजली इमारतीचं एक्केचाळिसावं पान

२ मार्च १९८४, शुक्रवार

सातिवलीहून साडेसहाला घरी. म्हात्रेशेठनी पाण्याच्या टाकीच्या मनोऱ्याचं काम घेतलंय. शेजारच्या रंगाच्या कारखान्यासाठी. चाळीस फूट उंच, लोखंडी पाय, वर टाकी. आकडेमोड माझ्याकडे. सव्वा वर्ष त्यांच्या वर्कशॉपात खिडक्यांच्या जाळ्या आणि शेडच्या छपराच्या कैच्या आखतोय, पहिल्यांदाच काहीतरी उंच. बरं वाटलं.

माळ्यावरून अमेरिकेची पेटी खाली काढली. आयोवातल्या ऑफिसात केलेल्या कामाच्या कार्बन प्रती त्यात आहेत. वाऱ्याचा जोर हिशोबात कसा धरायचा ते एकदा बघून घ्यावं म्हणून. रीटानं पेटीतली पोस्टकार्डं पळवली. तिकडून निघालो तेव्हा आठ वर्षांची होती, तरी सगळं पाठ. आजीला बोटानं दाखवत होती. ही सर्वांत उंच, बँकेची, तीस मजली. ही पप्पांची, बावीस. मग विमा कंपनीची एकोणीस, मग हॉटेल. त्यानंतर एकदम धान्याची कोठारं. ते शहर तेवढंच. चार उंच इमारती आणि मग क्षितिजापर्यंत मका.

आईला बाकीच्या तीन इमारतींशी देणंघेणं नाही. बावीस मजलीचा फोटो तिनं बाहेरच्या खोलीत फ्रेम करून लावलाय. मासळीवाली आली तरी दाखवते, आमच्या इनासनं बांधली म्हणून. बांधली नाही गं, वाऱ्यात उभी राहील का एवढंच बघितलं. शंभरदा सांगून झालं.

४ मार्च, रविवार

चर्चमधून मिसा आटोपून आल्यावर प्रती घेऊन बसलो. पा. ४१ पाशी अडकलो. काहीतरी जुळत नाही. माझं तेव्हाचं चुकलंय की आजचं वाचणं?

संध्याकाळी. चार वेळा केलं. तेव्हाचंच चुकलंय.

नं. २ (ऑफिसात आम्ही तिला असंच म्हणायचो, शहरात उंचीनं दुसरी म्हणून) लांबट आहे. एक बाजू एकशेचाळीस फूट, दुसरी सत्तर. रुंद बाजूवर वारा आदळतो तेव्हा एकशेचाळीस फूट धरायचे. मी सत्तर धरलेत. म्हणजे त्या बाजूचा वारा निम्मा. आणि त्या निम्म्या वाऱ्यावर पुढची सगळी पानं, ५८ पर्यंत. कोणत्या मजल्यावर किती जाडीचे तिरपे आधार, ते सगळं.

पहिल्या वर्षाच्या पोरानं करू नये अशी चूक.

जेवलो नाही. बायकोला, सेलिनला, सांगितलं डोकं दुखतंय.

५ मार्च

आज आठवलं सगळं. नोव्हेंबर ७८. बाबांना अर्धांगाचा झटका आल्याची तार. दोन दिवसांनी विमान. त्या दोन दिवसांत ४१ ते ५८ पानं उरकली आणि साहेबांच्या टेबलावर ठेवून निघालो. इकडे दोन महिने राहिलो. परत गेलो तर पोलादाची ऑर्डर गेलेली, आणि ओल्सनसाहेबांनी मला हॉस्पिटलच्या नव्या कामावर टाकलं. नं. २ पुन्हा माझ्या हातात आलीच नाही. फक्त उभी राहताना बघितली, रोज, बसमधून.

ओल्सनसाहेब प्रत्येक पान तपासायचे, आणि मूळ कागदावर अन् कार्बनवर दोन्हीकडे आद्याक्षरं टाकायचे. हिरव्या शाईनं. पा. ४० पर्यंत हिरवं आहे. ४१ पासून कोरं. माझी कार्बन प्रत तेव्हा घरच्या बॅगेत होती, त्यामुळे कोरं असणारच. त्यावरून मूळ कागद तपासला गेला की नाही ते कळत नाही.

तपासला असता तर मला बोलले नसते?

६ मार्च

शेठना टाकीचे आकडे हवेत. म्हणाले, "तिकडे बावीस मजले उभे केलेत इनासभाऊ, इथे चाळीस फुटांना आठवडा?" हसलो. माझ्या हातचा एकही आकडा आज मला खरा वाटत नाही. आणखी चार दिवस मागितले.

७ मार्च, राखेचा बुधवार

सेलिनला सांगितलं. शाळेतून आल्यावर, मागच्या केळीत. ती आठवी ते दहावीला गणित शिकवते, फार समजावावं लागलं नाही. कागद बघितला. मग विचारलं, "आता त्या इमारतीत किती माणसं असतात?"

मला मजले पाठ आहेत, माणसं नाहीत. तिसऱ्यावर दाताचा डॉक्टर, तिथे रीटाचा दात काढला होता. सातव्यापर्यंत वकील. वरती खानावळ, रविवारी गर्दी. अंदाजानं सांगितलं. हजार. बाराशे.

मी म्हटलं, चार वर्षं उभी आहे. ती म्हणाली, मोठा वारा आलाय का चार वर्षांत?

नाही आला. एप्रिल-मे हे तिकडचे वावटळीचे महिने. रीटाला अजून इशाऱ्याचा भोंगा आठवतो, तळघरात मेणबत्ती घेऊन बसायचो ते.

पश्चात्तापाची राख कपाळाला लावून दिवसभर हिंडलो.

८ मार्च

पत्र लिहायला घेतलं. तीनदा फाडलं. पहिल्या मसुद्यात चूक झाली "असावी". दुसऱ्यात वडिलांच्या आजारपणाचं कारण सुरुवातीलाच. तिसरा वाचून सेलिन म्हणाली, पत्राला पंधरा दिवस लागतील. फोन कर.

फोन करायचा म्हणजे आवाजात सांगायचं. ओल्सनसाहेबांना. तीस वर्षांत ज्यांच्या हाताखालून चुकीचा कागद गेला नाही असं म्हणतात त्यांना. परवाना जाईल, नाव जाईल, ऑफिस कोर्टात खेचलं जाईल, हे सगळं आहेच. पण खरं सांगायचं तर जास्त भीती त्या आवाजाची.

आई आज कोणा पाहुणीला फोटो दाखवत होती. आत निघून गेलो.

९ मार्च, शुक्रवार

क्रूसाच्या वाटेची प्रार्थना झाल्यावर फादरांकडे कबुलीजबाबाला गेलो. सगळं सांगितलं. त्यांनी मध्येच थांबवून विचारलं, चूक झाली तेव्हा तुला माहीत होतं का? नव्हतं. कधी कळलं? रविवारी.

"मग रविवारपर्यंत पाप नव्हतं. आज शुक्रवार आहे, इनास."

प्रायश्चित्त काही दिलं नाही. चर्चच्या बंगल्यावर फोन आहे, उद्या संध्याकाळी ये म्हणाले, ते स्वतः सकाळीच कॉल बुक करून ठेवतील. साहेबांच्या घरचा नंबर मागून घेतला.

१० मार्च, शनिवार

सात वाजता बंगल्यावर. सेलिन बरोबर. फादर व्हरांड्यात पेपर वाचत बसले, मुद्दाम लांब. साडेआठला घंटी. तिकडे सकाळचे नऊ.

साहेबांनीच उचलला. आधी वाटलं कोणी गेलं की काय, म्हणून विचारलं सगळे ठीक ना. मी सांगितलं. पान ४१, रुंदी, सत्तर आणि एकशेचाळीस. घाईघाईनं, लाइन कधीही तुटेल म्हणून. त्यांनी एकच विचारलं.

"कोणतं पान म्हणालास?"

फॉर्टी वन.

मग काहीच नाही. समुद्रासारखी खरखर. मी हॅलो हॅलो करतोय. मग म्हणाले, आपण गेल्या वर्षी रिटायर झालो, कागद ऑफिसात आहेत, सोमवारी जाऊन बघतो. आणखी काहीतरी म्हणत होते, "यू शुड" की "आय शुड", तेवढ्यात कट.

परत लागला नाही. फादरांनी चहा दिला. सायकलवर येताना सेलिन मागे बसून म्हणाली, झालं ना सांगून. हो. सांगून झालं. पाठीवरचं अर्धं ओझं उतरलं.

पण ते गप्प का झाले?

१२ मार्च

सोमवार. तिकडे आता उजाडत असेल. साहेब ऑफिसात जातील, रोलच्या रोल काढतील. त्यांच्या जागी आता कोण बसतं कोण जाणे.

टाकीच्या एका पायाचा हिशोब करून झाला. खोडला.

१३ मार्च

काही नाही. शेठ चिडलेत. दुसऱ्याकडून करून घेऊ का, असं विचारलं. घ्या म्हणालो. मग त्यांनाच वाईट वाटलं. घरी काही झालंय का विचारलं. जुन्या कामात एक चूक सापडलीय, उत्तराची वाट बघतोय, एवढं सांगितलं. ते म्हणाले, जुनं काम ना, मग कशाला उकरायचं.

१५ मार्च, गुरुवार

तार. पोस्टमन दारात दिसला तेव्हा आईनं ओरडायलाच सुरुवात केली, तारेचा धसका तिला ७८ साली मला तार करावी लागली तेव्हापासून. सही मीच केली.

इमारत सुरक्षित. पत्र पाठवतो. ओल्सन.

इंग्रजीत पाच शब्द. चिंचेखाली बसून दहा वेळा वाचले. मग सायकल काढून थेट माणिकपूरला, सेलिनच्या शाळेत. मधली सुट्टी होती. ती जिन्यात भेटली, पोरं भोवती. तार हातात दिली. तिनं वाचली, घडी केली, माझ्याच खिशात घातली, आणि दुसऱ्या जिन्यानं वर्गावर गेली. डोळे पुसत होती हे पोरांनी बघितलं असणार.

रात्री मांदेलीचं कालवण, पोटभर. आईला वाटतंय अमेरिकेत काहीतरी बक्षीस मिळालंय. असू दे.

१६ मार्च

नऊ तास झोपलो.

१९ मार्च

सुरक्षित म्हणजे कशी? आधार नंतर वाढवले? की पोलाद मुळातच जाड आलं? की साहेबांनी नुसती वरवर नजर टाकून मला धीर दिला? तसे नाहीत ते. पण रिटायर झालेल्या माणसाला ऑफिसनं कागद दाखवले तरी का?

सेलिन म्हणते, पत्र येईपर्यंत तार पुरव.

२७ मार्च

पेपरात आतल्या पानावर तीन ओळी. अमेरिकेच्या मध्य भागात वादळ, घरांची पडझड. शहराचं नाव नाही. संपूर्ण दिवस गेला. फादरांच्या रेडिओवर लावून बघितलं. दक्षिणेकडच्या राज्यात होतं, आयोवात नाही. फादरांनी विचारलं, आता काय, तार आली ना? म्हटलं, तार आली, पत्र नाही. त्यांनी रेडिओ पुन्हा लावला, माझ्यासाठी.

संध्याकाळी समुद्रावर गेलो. वारा पडलेला. सुरूची झाडं गप्प.

४ एप्रिल, बुधवार

पत्र आलं. जाड पाकीट. आत दोन पानी पत्र आणि अठरा पानांची झेरॉक्स. पा. ४१ ते ५८. माझी नाहीत, साहेबांच्या हातची.

सावकाश लिहितो, पुन्हा वाचायला लागेल.

मी विमानात बसलो त्याच आठवड्यात साहेबांनी माझी पानं तपासली. ४१ वर त्यांना तासाभरात चूक सापडली. मला इकडे कळवायचं कसं, बाबा खाटेवर. म्हणून त्यांनी स्वतः अठरा पानं नव्यानं केली, नकाशे बदलले, चौदाव्या मजल्यापर्यंतचे आधार जवळजवळ दुप्पट केले. पोलादाची ऑर्डर त्यावरूनच गेली. माझ्या आकड्यांवर एकही बोल्ट बसलेला नाही.

एकही नाही. सेलिनला हे वाक्य तीनदा वाचून दाखवलं.

मग मला सांगितलं का नाही, तेही लिहिलंय. परत आलास तेव्हा तू दहा पौंड उतरला होतास, घरचं विचारलं की खिडकीबाहेर बघायचास. म्हटलं पुढच्या आठवड्यात सांगू. मग पुढच्या महिन्यात. मग इमारत उभी राहिली, तुझ्या बायकोनं तिच्यासमोर फोटो काढला, आणि सांगायची वेळ निघून गेली. तुला हॉस्पिटलच्या कामावर टाकलं ते शिक्षा म्हणून नाही, तिथे तपासनीस म्हणून मी रोज असणार होतो म्हणून. फोनवर गप्प झालो कारण पाच वर्षांनी हे तुझ्याकडून ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं. चूक माझी. तुला कळायला हवं होतं.

पत्र ठेवलं आणि मागच्या विहिरीवर जाऊन बसलो. हायसं वाटलं. छाती मोकळी. आणि त्याच्या पाठोपाठ राग. पाच वर्षं मी त्या इमारतीवर बोट ठेवून फिरतोय. आईचा फोटो. रीटाची यादी. त्यातलं माझं काय? पहिली चाळीस पानं.

५ एप्रिल

राग बराच ओसरला. सेलिन काल निजताना म्हणाली, तेव्हा सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? मी म्हटलं नोकरी सोडली असती. ती म्हणाली, बघ.

बाराशे माणसं सकाळी कामावर गेली असतील. दाताचा डॉक्टर. त्यांना काही माहीत नाही, माहीत असायचं कारणही नाही. याच्याहून चांगलं काय.

आईला सांगून टाकलं, अर्धं काम साहेबांचं आहे म्हणून. तिनं विचारलं, मग साहेबांचा फोटो कुठाय? नाही म्हटलं आपल्याकडे. मागवून घे म्हणाली.

६ एप्रिल

काल लिहायचं टाळलं ते आज. पत्राच्या शेवटी ताजा कलम आहे, शाई वेगळी, पुन्हा केव्हातरी लिहिलेला.

"तुझी पानं मी तपासली. माझी कोणी तपासली नाहीत, कारण तपासनीस मीच होतो. मी एकाहत्तर वर्षांचा आहे, आणि ती पानं मी चार रात्रींत केली होती. सोमवारी पुन्हा बघितली, ठीक वाटली. पण ज्यानं केलंय त्यालाच ते ठीक वाटतं, हे तुला मी शिकवलंय. वेळ असेल तर बघशील का?"

सुरक्षित अशी तार पाठवून वर हे. सेलिनला दाखवलं. तिला आधी हसू आलं, मग नाही.

म्हणजे इतकी वर्षं तेही मनात शंका घेऊन.

९ एप्रिल

टाकीचा मनोरा पुरा. शेठना कागद द्यायच्या आधी सेलिनला दिला, म्हटलं फक्त गुणाकार-भागाकार बघ. दहावीचे पेपर बाजूला ठेवून बसली. पाऊण तासानं एका ओळीवर लाल गोल. सातानं गुणायचं तिथे आठानं गुणलं होतं. जास्तच धरलं गेलं होतं, धोका नव्हता. तरी गोल.

शेठना सांगितलं, आकडे बायकोनं तपासलेत. ते म्हणाले, बाईंना चालत असेल तर मला चालतं. उद्यापासून कापायला घेणार. इथे आमच्या भुईगावला समुद्राचा वारा किती लागतो ते मला माहीत, सातिवलीला त्याच्या निम्मा, पण मी भुईगावचाच धरलाय. पोलाद जास्त लागतंय म्हणून कुरकुरले. कुरकुरू देत.

१२ एप्रिल

साहेबांच्या पानांना सुरुवात. घाई नाही करायची ठरवलंय. रोज शेठकडून आल्यावर, उजेड आहे तोवर, ओट्यावर. एक पान, दोन पानं. आधी झाकून स्वतः करायचं, मग त्यांचं बघायचं.

पा. ४१. रुंदी एकशेचाळीस. त्याखाली त्यांनी पेन्सिलनं दोन रेघा मारल्यात, जोरात. कागद दाबला गेलेला झेरॉक्समध्येही दिसतो. तेवढाच त्यांचा राग. माणूस असा राग कागदावरच ठेवू शकतो, आणि दोन महिन्यांनी विमानतळावर घ्यायला येतो.

४१, ४२ बरोबर.

१५ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

मिसाहून आलो, रीटानं तिथे मिळालेली झावळी फोटोच्या फ्रेममागे खोचली. बसलो.

४३ ते ५१ बरोबर. ५२ वर एक आकडा कळेना. अकराव्या मजल्याचा आधार माझ्या आजच्या आकड्यापेक्षा त्यांनी जाड घेतलाय, का ते सापडत नाही. कदाचित तेव्हाच्या नव्या नियमांप्रमाणे. कदाचित नजरचूक, पण सुरक्षिततेच्या बाजूनं. जाड आहे, बारीक नाही, त्यामुळे काळजी नाही. फक्त विचारायचं. त्यांना लिहायला घेतलं. सुरुवात अशी केली: पान ५२, चौथी ओळ, हा आकडा कुठून आला? मग तब्येत, हवामान, आईला तुमचा फोटो हवाय, वगैरे.

पहिल्यांदाच मी त्यांना विचारतोय. वाचून हसतील की नाही सांगता येत नाही.

सेलिननं विचारलं अजून किती. सहा पानं. तीही बरोबर निघतील असं मला वाटतं, पण वाटणं आणि बघणं वेगळं. ती म्हणाली, मग आज होऊन जाऊ दे. नको. डोळे थकलेत. उद्या संध्याकाळी, ताज्या डोक्यानं. इमारत काही कुठे जात नाही.